उंबऱ्यावरची उभी बाटली

ही गोष्ट मी किती वेळा सांगितली असेल, मोजदाद नाही. पुण्यात सोसायटीच्या गच्चीवर सांगितली, ऑफिसच्या सहलीत सांगितली, दोन लग्नांच्या पंगतीत सांगितली आणि एकदा रक्त तपासायला गेलो असताना हातात सुई असलेल्या नर्सबाईंनाही सांगितली. त्यांना हसू आवरेना, म्हणून दोनदा टोचून घ्यावं लागलं. गोष्ट सांगताना मी आवाज बदलतो, हातात नसलेला ग्लास फिरवतो, बहिणीचा पदर खोचण्याचा झटका हुबेहूब करून दाखवतो. लोक डोळे पुसतात. मी एका ठरलेल्या जागी थांबतो आणि टाळी घेतो.

त्या जागेच्या पुढे काय झालं, ते मी कधीच कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला सांगायची गरज नाही, ती तिथंच होती. माझी गोष्ट रंगात आली की ती उठून आत जाते आणि घासलेली भांडी पुन्हा घासते.

आज पुढचंही सांगतो.

माझी बहीण माझ्याहून चौदा वर्षांनी मोठी. आम्ही तिला आक्का म्हणतो. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो आणि आक्काचं लग्न ठरलेलं होतं. नवरीसोबत पाठराखीण जाते, आक्कासोबत पाठराखा गेला. बाकीच्या पाठराखिणी चार दिवसांत परततात. मी दहावी होईपर्यंत परतलो नाही. चकलांब्याच्या पुढं आक्काचं सासर. तिथंच मी वाढलो, तिथल्याच शाळेत नकला करून मार खाल्ला आणि तिथूनच पुण्याला नोकरीला गेलो. दाजी मुलखाचे अबोल. त्यांनी मला एकदाही 'हा कावून इथं?' असं विचारलं नाही. आई कशी होती ते मला आठवत नाही. आक्का आईबद्दल बोलत नसे. विचारलं तर म्हणायची, "चांगली व्हती," आणि कामाला लागायची.

त्या वर्षी मे महिन्याची रजा काढून आम्ही नवरा-बायको आक्काकडं गेलतो. पावसानं सलग दुसऱ्या वर्षी तोंड फिरवलं होतं. टँकर तीन दिवसांआड यायचा आणि घरापुढं रांगेत लावलेल्या टिपाडांत पाईप फिरायचा. आक्काच्या घरात एक पाणी चार जन्म घ्यायचं. परातीत उभं राहून अंघोळ करायची, परातीतलं पाणी धुण्याला, धुण्याचं अंगणात शिंपायला. भाजी धुतलेलं पाणी गाईला. चहाची भांडी विसळलेलं पाणी परसातल्या शेवग्याला. त्या शेवग्याला चहाची इतकी सवय झाली होती की एखाद्या दिवशी तो वर्तमानपत्र मागेल असं मला वाटायचं. पहिल्या सकाळी मी दात घासून चूळ भरली आणि सवयीनं रस्त्यावर थुंकलो. आक्कानं फक्त शेवग्याकडं बोट दाखवलं.

पण त्या उन्हाळ्यात गावात पाण्यापेक्षा दुसऱ्याच गोष्टीची चर्चा जास्त होती. गावातलं दारूचं दुकान बंद करावं म्हणून बायकांनी सह्या दिल्या होत्या आणि मतदान लागलं होतं. फक्त बायकांचं. चिठ्ठीवर दोन चित्रं असायची, एक उभी बाटली आणि एक आडवी बाटली. उभीवर शिक्का म्हणजे दुकान राहू द्या, आडवीवर म्हणजे बंद करा. गावातल्या निम्म्याहून जास्त बायका आडवीवर आल्या तरच दुकान बंद. आणि या सगळ्याच्या पुढं होती आमची आक्का. तिच्या जोडीला भीमनगरातल्या एक मावशी होत्या. उंच, काटक, कायम निळ्या काठाचं लुगडं. दोघी मिळून घराघरांतून फिरत. मावशी नियम समजावून सांगत, कारण त्यांचा मुलगा वकिलाकडं होता. आक्का एकच वाक्य सांगे.

"मपल्या उंबऱ्याच्या आत थेंब आला न्हाई अन् मपल्या जिभेला थेंब लागला न्हाई. म्हणून मी सांगाया आले."

मी तिच्यामागं दोनतीन घरं फिरलो. त्या वाक्यानंतर बायका मान हलवत. ज्यांच्या घरी रोज बाटली येई, त्या तर जास्तच. दुकानदाराच्या माणसांनी आक्काबद्दल बोलायला काहीतरी शोधून पाहिलं, सापडलं नाही. तिच्याकडं पैसा नव्हता, पद नव्हतं. ते एक वाक्य होतं.

मी पुण्यात शनिवारी मित्रांसोबत घेतो, हे त्या वाक्याला माहीत नव्हतं. मीही सांगितलं नव्हतं.

मतदानाला आठवडा होता. आक्का पायाला भिंगरी लावून फिरत होती, चेहरा उन्हानं काळवंडला होता. मी म्हटलं, "आक्का, एक दिवस सुट्टी घे. तुला परळीला वैजनाथाच्या दर्शनाला नेतो. धर्मापुरीचं जुनं मंदिर दाखवतो. गाडी आहे, येता-जाता वारं खाऊ."

"अन् वाटंत?"

"वाटेत द्राक्षांचा एक कारखाना आहे, तो बघू."

इथं मला आमच्या जिल्ह्याचा स्वभाव सांगितला पाहिजे. आमच्याकडं साखर सहकारी, दूध सहकारी, सूत सहकारी. दुष्काळसुद्धा सहकारीच, सगळ्यांनी मिळून वाटून घ्यायचा. तर परळीकडच्या काही द्राक्षबागायतदारांनी दोन-तीन बऱ्या पावसांच्या जोरावर सहकारी वायनरी काढली होती. आता ती नाही, शेडमध्ये मका भरतात असं ऐकतो. त्या उन्हाळ्यात बागा वाळल्या होत्या, पण आधीच्या हंगामाची वाइन टाक्यांत होती. अख्ख्या जिल्ह्यात तेवढ्याच टाक्या भरलेल्या असाव्यात. पुण्याच्या एका मित्रानं सांगितलं होतं की तिथं चव घ्यायला देतात आणि कारभार बघण्यासारखा आहे. माझ्यासारख्या माणसाला 'बघण्यासारखा' हा शब्द पुरतो.

बायको गाडीत हळूच म्हणाली, "आक्कांना कशाला नेताय तिथं?"

"अगं, बाहेर बसतील. बेदाणे घेतील."

खरं तर तेव्हाच माझ्या डोक्यात खोडी शिरली होती. मी तिला पोसतही होतो.

दर्शन झालं, धर्मापुरीच्या मंदिरातल्या कोरीव बायका बघून आक्का म्हणाली, "ह्यांना कामं न्हाईत व्हय घरी?" आणि दुपारी आम्ही माळावरच्या त्या शेडपाशी पोचलो. पाटीवर ठळक मराठीत 'द्राक्ष उत्पादक सहकारी संस्था' एवढंच. बाकीचं खाली बारीक इंग्रजीत. आक्कानं मराठी वाचलं आणि समाधानानं पदर खोचला.

आत शिरलो आणि तिघंही थबकलो. गार! बाहेर माळ भाजून निघत होता आणि आत चांदीसारख्या उंच टाक्या उभ्या होत्या. आक्का टाकीला हात लावून म्हणाली, "देवा, देवळापरीस गार हाय की!"

चव दाखवायला खुद्द संस्थेचे चिटणीस आले. पांढरा पायजमा, पांढरा सदरा, खिशात दोन पेनं. पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत असं काम कोट घातलेली पोरं करतात म्हणे. आमचे चिटणीस बागायतदार होते, बोटांच्या पेरांत मातीच्या रेषा होत्या. त्यांनी टेबलावर पांढरं कापड अंथरलं, आमच्या दोघांपुढं काचेचे उंच देठाचे ग्लास मांडले आणि बाजूला एक स्टीलची बादली ठेवली. मी त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, "साहेब, आक्कासमोर वाइन वगैरे शब्द काढू नका. माल म्हणा."

"आमी मालच म्हंतो," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "पण त्यास्नी पाजू नका हां. बायांचा मामला हाय. उद्या संस्थेचं नाव येईल."

"छे छे! त्यांना लिंबू सरबत द्या."

त्यांनी आक्काला सरबत दिलं. तिथवर सगळं नीट होतं. चिटणीसांनी कर्तव्य केलं होतं. माझ्यापुढं मोकळं मैदान होतं.

"आता ही पांढरी," चिटणीस म्हणाले. "हिला आधी फिरवा. मग हुंगा. पेरूचा वास येतो का?"

"नाही," बायको म्हणाली.

"पुन्ना हुंगा. पुण्याच्या साह्यबांना येतो."

बायकोनं पुन्हा हुंगलं आणि भिडेखातर म्हणाली, "आला."

"आता तोंडात घ्या, घोळवा, अन् बादलीत थुंका."

आक्का सरबत घेऊन मागं खुर्चीवर बसली होती. तिनं मान पुढं काढली. "थुंकायचं कावून? खराब हाय का?"

"न्हाई आज्जी, चांगला हाय."

"आज्जी कुणाला म्हंतो रं? अन् चांगला हाय तर थुंकायचा कावून?"

चिटणीस बिचारे काय सांगणार? "रीत हाय," म्हणाले. आक्कानं 'रीत हाय' हे उत्तर ऐकून मान हलवली. रीत म्हटल्यावर आमच्याकडं पुढं विचारत नाहीत. पण तिचे डोळे बादलीवरून हलेनात. दर ग्लासामागं चिटणीस थोडं पाणी ओतत, ग्लास फिरवत, आणि ते पाणी बादलीत टाकत. आक्का प्रत्येक वेळी ओठ घट्ट मिटत होती.

मग लाल आली. चिटणीस म्हणाले, "हिच्यात दोन वास हायेत. येक जांभळाचा. दुसरा, बगा बरं, वल्या मातीचा."

मागून आक्का उठली. "वल्या मातीचा? आण हिकडं. दोन वर्सं झाली हुंगून."

चिटणीस पुढची बाटली आणायला आतल्या खोलीत गेले होते. मी माझा ग्लास तिच्या हातात दिला. तिनं नाक घातलं, डोळे मिटले. देशी दारूचा वास तिला कोसावरून कळायचा आणि मळमळायचं. हा वास तिच्या ओळखीचा नव्हता.

"कशाचं हाय रं हे?"

"काळ्या द्राक्षांचा रस. टिकावा म्हणून टाकीत ठेवतात."

बायकोनं माझ्या पायावर पाय दिला. मी पाय काढून घेतला.

आक्कानं घोट घेतला. "तुरट हाय. जांभळावानी." मी बादली पुढं केली, अगदी नाटकी अदबीनं. तिनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी तिला ताटातला घास थुंकायला सांगितला होता. "तोंडात घेतलेलं टाकू व्हय?" आणि गिळलं. पुन्हा घेतलं. ग्लास संपवला. मग बायकोनं स्वतःचा ग्लास गडबडीनं बादलीवर नेला. खेळ तिला तिथंच थांबवायचा होता. आक्कानं मनगट धरलं.

"पोरी! टाकतीस? नको व्हतं तर घेतलं कावून?"

"आक्का, अहो, नका..."

"दे हिकडं. टँकरला बाया रडत्यात अन् तुमी बादल्या भरा."

बायकोचा ग्लास संपला. मग टेबलावरच्या बाटलीत उरलेली पांढरी, त्याच ग्लासात ओतून. चिटणीस बाटली घेऊन आले तेव्हा आक्का पदरानं तोंड पुसत होती. त्यांनी रिकामे ग्लास बघितले, आक्काचं तोंड बघितलं, मग माझं. मी डोळा मारला. ते हसले नाहीत. हातातली बाटली त्यांनी उघडलीच नाही. निघताना आक्काच्या हातात बेदाण्यांची पुडी ठेवून म्हणाले, "ताई, संस्थेकडून." पैसे घेतले नाहीत. तिच्या नजरेला नजरही दिली नाही.

आणि मग ती परतीची वाट. सिरसाळ्यापर्यंत आक्का बेदाणे खात होती. मग तिनं काच खाली केली, गरम वाऱ्यात डोकं टेकवलं आणि हसायला लागली.

"भावड्या, तुला ठाव हाय का, आपली माय कडब्याच्या गंजीत लपायची."

मी गाडी हळू केली.

"बाबा रानातून आले की भुर्रकन निघायची अन् भ्यॉक करायची. म्हातारी सासू घरात, दोन लेकरं पदरात, तरी! बाबा लाजून लाल. अन् पाटलाची चाल काढायची, हात मागं बांधून, पोट पुढं. पाटलीणबाई हसून हसून कलंडल्या." आक्कानं माझ्या खांद्यावर चापट मारली. "तू निस्ता तिच्यावर गेलास. नकला, निस्त्या नकला! तिला बघितल्यावानी वाटतं तुला बघून."

माजलगावच्या धरणाचा उघडा पडलेला तळ खिडकीतून सरकत होता, भेगाळलेला, मधोमध उभी राहिलेली जुनी देवळं. आक्का बोलत होती. आईला कोणता रंग आवडायचा. आई गाताना चुकायची आणि चुकीचंच पुन्हा गायची. मला पाळण्यात घालताना काय म्हणायची. मी पंचेचाळिशीचा माणूस, आईबद्दल चार वाक्यं ऐकली नव्हती, आणि आता चाळीस ऐकत होतो. मी हसत होतो, मला वाटत होतं की माझी खोडी ही माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली खोडी आहे.

घरी पोचलो. आक्का उतरली, जरा डोलत गोठ्याशी गेली, गाईच्या गळ्यात हात टाकला आणि म्हणाली, "काय पाव्हणे, जेवलात का?"

इथं मी थांबतो. इथं टाळ्या पडतात.

पुढचं असं.

दुसऱ्या दिवशी आक्काचं डोकं दुखत होतं. "पित्त झालं वाटतं," म्हणाली आणि कपाळाला फडकं बांधून प्रचाराला गेली. बायको म्हणाली, "आजच्या आज सांगा त्यांना."

"मतदान होऊ दे. मग सांगतो. हसेल ती."

"त्यांना कळायच्या आधी दुसऱ्या कोणाला सांगू नका. एवढं तरी करा."

मी हो म्हटलं. अर्ध्या तासात मी सलूनमध्ये होतो.

सलून म्हणजे आमच्या गावाचं नाट्यगृह. आरसा असतो, प्रेक्षक असतात, आणि खुर्चीतल्या माणसाला उठून जाता येत नाही. मी दाढीला गेलो होतो. पण कारागिरानं विचारलं, "साह्यब, काल कुणीकडं गेलते?" आणि माझ्या अंगात कोण संचारलं कोण जाणे. आता माहीत आहे कोण. मी चिटणीस केले, पेरूचा वास केला, बादली केली, "तोंडात घेतलेलं टाकू व्हय?" केलं. गाईच्या गळ्यात हात टाकला. बाकड्यावर चार-पाच जण होते. एकानं डोक्यावर हात मारून घेतला, "मायला, आक्कानं? लई भारी बे!"

त्या बाकड्याच्या टोकाला दुकानदाराचा मेहुणा बसला होता. मी त्याला ओळखलं नाही असं सांगायला मला आवडेल. मी ओळखलं होतं. पण तो हसायला लागला होता, आणि माणूस हसायला लागला की मला थांबता येत नाही. उलट मी त्याच्याकडं तोंड करून शेवट पुन्हा केला.

दुसऱ्या सकाळी आक्का सडा टाकायला दारात गेली आणि तिची हाक आली. मोठी नाही. "भावड्या."

उंबऱ्यावर बाटली होती. रिकामी, उभी. तिला हळदकुंकू वाहिलं होतं आणि गळ्यात झेंडूचा हार होता. खाली कोळशानं लिहिलं होतं, 'आक्काची पसंती'.

तिला काही कळलं नाही. "कुणी ठिवली असंल? इरोधकांचं काम हाय," म्हणाली आणि हार काढून गाईला घातला, बाटली बाजूला ठेवली, आणि उंबरा धुतलेलं पाणी नेहमीसारखं शेवग्याला घातलं. मी मागं उभा होतो. सांगायला तेवढाच वेळ होता. मी म्हटलं, "हो, विरोधकच."

दुपारी शाळेच्या आवारात बायकांची शेवटची बैठक होती. पुरुष भिंतीपलीकडं उभे, मीही. आक्का बोलायला उठली आणि सवयीनं तेच वाक्य सुरू केलं, "मपल्या उंबऱ्याच्या आत..."

पलीकडून कोणीतरी ओरडलं, "अन् जिभंला, आक्का? पेरूचा वास आला का?" भिंतीपाशी हसू फुटलं. माझंच हसू, माझ्याच जागांवर.

मावशी उठल्या. त्या हसणाऱ्यांकडं बघत नव्हत्या, आक्काकडं बघत होत्या. "आक्का, मी तुमच्यासंगं चार म्हयने हिंडले. आमच्या वस्तीत तुमचा जिम्मा म्या घेतला. रातच्याला बाया घरी येऊन इचारून गेल्या. खरं काय ते सांगा."

"काय खरं मावशी?"

"परळीकडं तुमी पेल्या म्हंत्यात."

आक्का हसली. "मी? द्राक्षाचा रस पेले. भावानं..." आणि तिथं तिचं वाक्य थांबलं. तिनं वळून भिंतीपलीकडं, थेट माझ्याकडं बघितलं. "काय पाजलंस रं मला?"

मी बोलण्यावर जगलेला माणूस. मी मान खाली घातली. तेच उत्तर होतं, सगळ्या गावासमोर.

मी वाट बघत होतो की ती रडेल, किंवा मला शिव्या देईल, किंवा फसवलं मला म्हणून सांगेल. ते खरंही होतं, आणि ऐकणाऱ्यांना पटलंही असतं. तिनं पदर खोचला.

"व्हय. पेले. येक न्हाई, तीन ग्लास. तवा ठाव नव्हतं, आता ठाव झालं. ते वाक्य इथून पुढं मी म्हनणार न्हाई, ते गेलं मपलं." मग आवाज जरा खाली आला, पण सगळ्यांना ऐकू येत होतं. "पर येक सांगते. मला वाटायचं ही मान्सं कडू इख पित्यात, येडी हायेत. तसं न्हाई बायांनो. लई बरं वाटतं. हसू येतं. मेलेलं मानूस जवळ बसल्यावानी होतं. मला परवा तसं झालं. कालच्या सकाळधरनं मपल्या मनात हाय की पुन्ना तसं व्हावं. येका दिसात! मंग ज्याच्या दारात दुकान हाय त्यानं रोज काय करावं? मी कालपर्यंत रागानं म्हंत व्हते बंद करा. आज भेऊन म्हंते."

भिंतीपाशी कोणी हसलं नाही. मावशी तिच्याजवळ गेल्या आणि खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "आमच्या वस्तीत आता दोघी जाऊ. पुन्ना पयल्या घरापासनं."

बाटली आडवी झाली. थोडक्यात झाली, पण झाली. गावात लोक म्हणू लागले की आक्काच्या त्या बोलण्यानं झाली. मी ते ऐकलं आणि माझ्यातला नालायक लगेच उभा राहिला. निघायच्या दिवशी चहा घेताना मी म्हणालो, "आक्का, म्हणजे शेवटी चांगलंच झालं म्हणायचं."

आक्का कपात बघत होती. "व्हय. गावाचं झालं."

"मग राग गेला का?"

"राग न्हाई. तू मला हसवाया न्हाई नेलं. लोकांना हसवाया नेलं." तिनं कप खाली ठेवला. "लेकरासारखा वाढवला तुला. मला इचारलं असतंस, आक्का, चाखून बगतीस का? मी न्हाई म्हंले असते. झालं असतं. पर इचारायचं व्हतंस."

दाजी आयुष्यात पहिल्यांदा मध्ये बोलले. "निघायला उशीर होतोय," एवढंच. पण माझी पिशवी त्यांनी उचलली नाही, दर वेळी उचलतात.

त्याला आता बरीच वर्षं झाली. आक्का बोलते माझ्याशी, हसतेही. दिवाळीत आमच्याकडं राहायला येते. पण त्या आडव्या बाटलीच्या गावात कुठल्याही सभेत तिनं पुन्हा 'मी कधी' अशी सुरुवात केली नाही, आणि माझ्या गाडीत बसताना ती आता मागच्या सीटवर बसते.

आणि मी ती गोष्ट सांगत राहिलो. चिटणीस, बादली, गाय. मला वाटायचं, लोक हसले की ती हलकी होईल. लोक हसायचे आणि ती तेवढीच जड राहायची, म्हणून मी पुन्हा सांगायचो.

गेल्या वर्षी आक्काकडं गेलो असताना धीर केला. परसात दोघंच बसलो होतो, शेवगा आता दोन माणसं उंच झाला आहे. मी म्हटलं, "आक्का, आई कडब्यात लपायची ते पुन्हा एकदा सांग ना. ती पाटलाची चाल. आणि मला पाळण्यात घालताना काय म्हणायची, ते मी विसरलो."

ती शेंगा निवडत होती. हात थांबले नाहीत.

"ते मी न्हाई बोलले, भावड्या. ते तुपल्या ग्लासातलं बोललं."

"पण खरं होतं ना?"

तिनं एक किडकी शेंग वेगळी काढली. मग म्हणाली, "खरं व्हतं म्हणूनच न्हाई सांगत. मपल्याजवळ तेवढंच व्हतं मायचं. तू चोरून नेलंस अन् सलूनमधी नाचवलंस."

मी तिला कधीच सांगितलं नव्हतं की सलूनमध्ये मी आईबद्दल काही बोललो नाही. तेवढं एक मी राखलं होतं. सांगायला तोंड उघडलं, पण सलूनमध्ये जे हातवारे केले, ते आईचेच होते हे आठवलं आणि हातातल्या कपाकडं बघितलं.

माझ्या कपाच्या तळाशी घोटभर चहा राहिला होता, गार, साय धरलेला. मी तो शेवग्याच्या आळ्यात टाकायला हात पुढं केला. आक्कानं शेंगांवरून नजर उचलली.

मी तो पिऊन टाकला.